फ्रॉक कुणाचा, मळ कुणाचा?

गोदीतून रजा काढून शाहूपुरीत आलोय. परवा चहाच्या गाड्यावर चार-पाच पांढरपेशे मोबाईलवर दूरदर्शनच्या जुन्या जाहिराती बघत हळहळत होते. काय सोन्यासारखा काळ होता म्हणे! त्यात अख्खा देश दिसतो म्हणे!

कुणाचा देश, दोस्तहो?

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला. ऐन आणीबाणीत. १९८२ ला पडद्यावर रंग आले, पण आमचा रंग आला नाही. आमच्या रंगावर औषध म्हणून क्रीम विकलं गेलं. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' काढायला कंपनीला २०२० साल उजाडावं लागलं. पंचेचाळीस वर्षं! डबीवरचं नाव गेलं. डोक्यातलं कधी जाणार?

निरमाच्या जाहिरातीत पांढऱ्या फ्रॉकमधली पोरगी गिरकी घेते. सर्फच्या ललिताजी स्वस्त आणि चांगलं यातला फरक शिकवतात. सगळं कसं शुभ्र! पण या देशातला मळ कोण उपसतं, ते एकाही जाहिरातीत नाही. मैला वाहायला माणूस लावू नये, असा कायदा झाला १९९३ साली. म्हणजे इकडं फ्रॉक गिरक्या घेत होता, तेव्हा तिकडं आमच्या बायांच्या डोक्यावर पाटी होती. १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला म्हणून मराठवाड्यात आमची घरं पेटवली. त्या राखेचे डाग कुठली पावडर काढणार होती?

खरं तेही सांगतो. निरमा स्वस्त होती. करसनभाई पटेलांनी १९६९ ला सायकलवरून विकायला सुरुवात केली ती पावडर आमच्या वस्तीतही आली. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून आमचा पैसा चालला, पण चेहरा चालला नाही. माझी आजी लोकांची धुणी धुवायची. तिच्या भेगाळलेल्या हातांची जाहिरात कुणी काढली?

आमची जाहिरात याच कोल्हापुरात झालीय, टीव्हीच्या कितीतरी आधी. गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढलं. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? शाहू महाराज स्वतः तिथं गेले, चहा प्याले, सोबतच्या सवर्णांनाही पाजला. कॅमेरा नव्हता, गाणं नव्हतं. भर रस्त्यात एक कप उचलला आणि शतकांच्या विटाळाला चपराक बसली.

म्हणून म्हणतो, जुन्या जाहिराती बघाच. त्या खोटं बोलत नाहीत. या समाजाला काय लपवायचं होतं ते त्या बरोबर दाखवतात. फक्त चौकटीत कोण आहे ते बघू नका, कोण नाही ते मोजा. आणि घरी जाऊन आपापल्या आजीला विचारा, त्या वर्षी तू काय करत होतीस? ती सांगंल ते लिहून काढा. ती हाय तोवर. तिचं कुणी रेकॉर्डिंग करून ठेवलेलं न्हाय.

जय भीम!