शर्यतीला कायदा, गाडीवानाला बंदी?

कामगार बंधूंनो, बैलगाडा शर्यती वाचवण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मुंबईच्या व्हिक्टोरियावाल्यांना असे संरक्षण लाभले नाही. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने शहरातल्या हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला, आणि पुनर्वसनाची योजना आखण्यास शासनाला सांगितले.

मुक्या जनावराचे हाल होऊ नयेत, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेतच: दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती, आणि पारा ३७ अंशांवर गेल्यास दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायची नाही. आपल्या भिलाईच्या मे महिन्यात हा नियम पाळायचा, तर गाडीवानाला सावली, पाणी आणि बुडालेल्या भाड्याची भरपाई हवी.

फेरीवाल्यांना २०१४ च्या केंद्रीय कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत हटवता येत नाही. तेच संरक्षण गाडीवानाला द्या. कामाच्या तासांसाठी लढलेल्या आपण ठामपणे म्हणू या: नियम कडकपणे पाळा, पण पर्यायी रोजगार दिल्याशिवाय कोणत्याही शहरात बंदी नको!