उघड्यावरचा धूर आणि मालकाची जबाबदारी

स्वीडनच्या संसदेने डिसेंबर २०१८ मध्ये धूम्रपानबंदी इमारतींच्या भिंतींबाहेर नेण्यास संमती दिली. १ जुलै २०१९ पासून तेथील उपाहारगृहांच्या उघड्या बैठका, रेल्वेचे फलाट, बसथांबे आणि मुलांची खेळण्याची मैदाने येथे धूम्रपानास मनाई आहे.

उघड्यावर धूर विरून जातो, मग व्यक्तिस्वातंत्र्यात ही ढवळाढवळ कशासाठी, असा आक्षेप अशा वेळी घेतला जातो. वाटसरूपुरते त्यात तथ्य आहे. तो चार पावले बाजूला होऊ शकतो. मेजांमधून दिवसभर बशा वाहणाऱ्या वेटरला ती मुभा नाही. एकाच्या सुखाची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसांनी चुकवावी, हा व्यवहार बाजाराच्या हिशेबवहीत कोठेच नोंदला जात नाही. २००५ साली स्वीडनमध्ये उपाहारगृहांच्या आत धूम्रपान थांबले, तेव्हा ओढणारे बाहेरच्या मेजांवर आले आणि त्यांच्यामागोमाग वेटरही. ही फट बुजण्यास चौदा वर्षे लागली. फ्रान्सने २९ जून २०२५ पासून उद्याने व समुद्रकिनारे यांवर बंदी घातली. कॅफेंच्या उघड्या बैठका मात्र वगळल्या. म्हणजे फिरावयास आलेल्याला संरक्षण, राबणाऱ्याला नाही!

स्वीडिश कायद्याचे दुसरे वैशिष्ट्य असे, की बंदी पाळली जाण्याची जबाबदारी जागेच्या चालकावर आहे. न ऐकणाऱ्याला त्याने बाहेर काढावयाचे; ओढणाऱ्याला दंड नाही.

भारतीय संसदेच्या २००३ च्या कायद्याने ‘सार्वजनिक ठिकाणा’च्या व्याख्येतून उघडी जागा वगळली होती. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी बसस्थानके, रेल्वे स्थानके, क्रीडांगणे बंदीखाली आणली, हे योग्यच झाले. परंतु दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडासाठी सहज हाती लागतो तो एस. टी. स्थानकावर विडी ओढणारा हमाल. चालकालाही दंड करण्याची तरतूद आहे. पण येथे चालक म्हणजे खुद्द सरकारी महामंडळ. त्याला जाब विचारावयाचा कोणी? उलट तीस खोल्यांचे हॉटेल, तीस आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना स्वतंत्र धूम्रपानकक्षाची सवलत त्याच कायद्याने दिलेली आहे.

२०२१ च्या आरंभी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसृत केलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात हॉटेले व उपाहारगृहे यांची ही सवलत काढण्याचे सुचविले होते; त्याचबरोबर दंड दोन हजारांवर नेण्याचेही. अशी दुरुस्ती संसदेपुढे येईल तेव्हा पहिली सूचना स्वीकारावी आणि दुसरी नाकारावी. दोन हजार रुपये ही हमालाची कित्येक दिवसांची कमाई असते. वाढीव दंड बसवावयाचाच, तर तो जागेच्या चालकावर बसवावा, मग तो सरकारी का असेना.