एका ओळीचे कोटेशन
एप्रिल उजाडला की गृहनिर्माण सोसायट्यांच्या कार्यालयांत कोटेशने येऊ लागतात. गच्ची गेल्या पावसाळ्यात गळलेली असते, वरच्या मजल्यावर छताचे पोपडे निघालेले असतात आणि कमिटीने तीन ठेकेदारांना बोलावलेले असते. आठवडाभरात तीन कागद जमतात. लेटरहेड ठसठशीत, खाली सही-शिक्का, आणि मध्ये एकच ओळ: टेरेस वॉटरप्रूफिंगचे काम, मटेरियलसह, एकूण रुपये अमुक. सेक्रेटरी तुलनात्मक तक्ता करतात आणि सर्वांत कमी आकड्याला मंजुरी मिळते.

तक्ता नीटनेटका असतो, पण त्यात तुलना कशाचीच झालेली नसते. एक ठेकेदार जुना कोबा फोडून, राडारोडा खाली उतरवून, उतार काढून नवा कोबा घालणार असतो. दुसरा जुन्या कोब्यावरच नवा थर चढवणार असतो; त्याने स्लॅबवरचे वजन वाढेल, हे कागदावर कुठेच येत नाही. तिसरा भेगा भरून केमिकल कोटिंगचे दोन हात मारणार असतो. ही तीन वेगळी कामे आहेत, त्यांची आयुष्ये वेगळी आणि खर्चही वेगळे. काम सुरू झाल्यावर मग एकेक गोष्ट बाहेर पडते. राडारोडा नेण्याचे वेगळे, पाइपांभोवतीचे वेगळे, कठड्याच्या कडेची गोलाई तर 'आपल्यात नव्हतीच'. सर्वांत स्वस्त म्हणून निवडलेले कोटेशन बहुतेकदा स्वस्त नसते, अपुरे असते.

यावर ठेकेदाराला लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तो एकच ओळ का लिहितो, हेही पाहायला हवे. गच्चीची मापे घेण्यात सकाळ जाते, हिशेब मांडण्यात संध्याकाळ जाते. या मेहनतीचा एक पैसा कोणी देत नाही. उलट, त्याने तपशीलवार लिहिलेला कागद दुसऱ्या दिवशी त्याच्याच स्पर्धकाच्या हातात असतो आणि 'यात किती कमी कराल?' असा प्रश्न सुरू होतो. तपशील झाकून ठेवणे हा त्याने शोधलेला बचाव आहे. मात्र तो त्यालाच महागात पडतो. काय ठरले होते याचा पुरावा नसल्याने शेवटचे बिल अडकते आणि नफा नेमका त्याच बिलात असतो.

मोजमापातला घोळ तर घराच्या रंगकामातही दिसतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. जमीन १२० चौरस फूट. चार भिंती ४४० आणि छत १२० मिळून रंगवायचे क्षेत्र ५६० चौरस फूट, म्हणजे जमिनीच्या साडेचार पटींहून अधिक. एक पेंटर कार्पेट एरियावर दर सांगतो, दुसरा भिंतीच्या प्रत्यक्ष मापावर. दोघेही 'चौरस फुटाला इतके' असेच म्हणतात. त्यात जुना रंग खरवडणे, लांबी भरणे, प्रायमर आणि रंगाचे किती हात हे लिहिले नसेल, तर तो दर ऐकून काहीच कळत नाही.

दारे-खिडक्या वजा करायच्या की नाही, हा आणखी एक ठरलेला वाद. त्याचे उत्तर भारतीय मानकात कधीचे दिलेले आहे. बांधकामाच्या मोजमापासाठी आयएस १२०० आहे. गिलाव्याच्या मापात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरची असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना गिलावा असेल, तर ती एकाच बाजूने वजा होते. तीनच्या वर दोन्ही बाजूंनी. तीन बाय सात फुटांचे दार जेमतेम दोन चौरस मीटरचे, म्हणजे मधल्या गटातले. 'मोजमाप आयएस १२०० प्रमाणे' एवढे शब्द कोटेशनमध्ये असले, तरी फीत हातात धरून होणारी निम्मी भांडणे टळतील.

सरकारी कामात ही शिस्त जुनी आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-२ निविदेत प्रत्येक बाबीचे वर्णन, परिमाण, एकक आणि दर वेगळा लिहावा लागतो. सरकारी कामांचा दर्जा काय असतो, असा टोमणा यावर मारता येईल, पण तो कागदाचा दोष नाही. बाबवार कागद असतो म्हणून तर निकृष्ट काम नेमके कुठे झाले ते दाखवता येते.

काही कामे आधी दिसतच नाहीत. कोबा फोडल्यावर खाली सळ्या गंजलेल्या निघतील का, हे कोणताही ठेकेदार छातीठोक सांगू शकत नाही. तिथे एकूण रक्कम देण्यापेक्षा 'अशी दुरुस्ती निघाल्यास चौरस फुटाला इतका दर, दोघांच्या समक्ष मोजून' असे लिहिणे प्रामाणिकपणाचे. 'समाविष्ट नाही' अशी यादी पाहून ग्राहक बिचकेल, ही भीती अनाठायी आहे. बिचकणारा ग्राहक पुढे बिलालाही बिचकणारच होता.

कराचेही तसेच. अशा कामावर १८ टक्के जीएसटी लागतो. चार लाखांच्या कामावर ७२ हजार. एकाने 'कर वेगळा' लिहिले आणि दुसरा गप्प राहिला, तर तक्त्यातला क्रमच उलटतो. राज्यात सेवेसाठी नोंदणीची मर्यादा साधारणपणे २० लाखांच्या वार्षिक उलाढालीची आहे, आणि नोंदणी नसलेल्याला कर आकारता येत नाही. तेव्हा कर आहे की नाही, हे लिहिलेच पाहिजे. दर किती दिवस लागू, हेही. १८७२ च्या करार कायद्यातील कलम ६ नुसार प्रस्तावात दिलेली मुदत संपली की प्रस्तावही संपतो. मुदत दिली नसेल, तर 'वाजवी काळ' म्हणजे किती यावर वाद घालत बसावे लागते.

सुरुवात मात्र सोसायट्यांनीच करायला हवी, कारण एकटा ठेकेदार सविस्तर लिहू लागला तर आजच्या पद्धतीत त्याचाच कागद महाग दिसतो. आधी बाबींचा एकच तक्ता स्वतः किंवा इंजिनीअरकडून करून घ्यावा, तोच तिघांना द्यावा आणि दर तेवढे भरायला सांगावेत. मापे घ्यायला येणाऱ्याला ठरावीक फी द्यावी, काम मिळाल्यास ती बिलातून वळती करावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: मटेरियल आल्यावर, कोबा झाल्यावर, गच्चीवर पाणी कोंडून चाचणी झाल्यावर; थोडी रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावी. हे सारे मराठीत लिहिले तर कामावरचा मुकादमही ते वाचेल आणि 'आपल्यात काय धरले आहे' हे त्याला साहेबांना फोन न करता कळेल.