लुटुपुटूची म्हणे!

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या घरात दोनच माणसं जागी असतात. एक अस्मादिक आणि दुसरे आमचे चिरंजीव. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवरून कावळे हाकलण्याची कामगिरी सौभाग्यवतींनी माझ्यावर सोपवलेली असते म्हणून मी जागा, आणि माझा मोबाइल हाती लागलेला असतो म्हणून चिरंजीव जागे. त्या दिवशी ते एकदम ओरडले, "बाबा, इकडे या लवकर! म्हातारे कुस्ती खेळून राह्यले!"

म्हातारे म्हटल्यावर मी कुरड्या कावळ्यांना बहाल केल्या आणि धावलो. शेहेचाळिसावं लागल्यापासून मला म्हाताऱ्यांच्या पराक्रमाविषयी फार आस्था वाटू लागली आहे.

कुस्ती जपानातली होती, पस्तीसेक वर्षांपूर्वीची. आणि ती एकास एक अशी नव्हे, जोडीची. एकाने दोरांच्या आत लढायचं, जोडीदाराने बाहेर कडेला दोर धरून उभं राहायचं. आतला दमला की त्याने कसंबसं कोपऱ्यापर्यंत यायचं, जोडीदाराच्या हाताला हात लावायचा, की लगेच जोडीदार आत. आपल्या खोखोची चुलत बहीणच म्हणा ना. आमच्या बँकेतही कामाची हीच पद्धत आहे. फक्त हात लावायची वेळ येते तेव्हा आमचा जोडीदार चहाला गेलेला असतो.

या कुस्तीत एका बाजूला होता जायंट बाबा. दचकू नका. साईबाबा किंवा आमच्या दिग्रसचे घंटीबाबा यांच्यापैकी हा नव्हे. बाबा हे त्याचं आडनाव, नाव शोहेई. उंची २०९ सेंटिमीटर. आधी योमिउरी जायंट्स या संघाकडून बेसबॉल खेळायचा, मग कुस्तीत आला. पन्नाशी उलटल्यावरही हा गृहस्थ लाल चड्डी घालून दोरांच्या आत यायचा आणि विहिरीवरची मोट हलावी तसा हळूहळू पाय उचलायचा. त्याचा जोडीदार रशर किमुरा. हा तरुणपणी लोखंडी पिंजऱ्यात रक्तबंबाळ होऊन लढायचा, आणि म्हातारपणी कुस्ती संपल्यावर ध्वनिक्षेपक हातात घेऊन बाबाला "अनिकी" म्हणायचा. अनिकी म्हणजे दादा. बाबाला दादा म्हणणारा किमुरा, आणि त्यावर पोट धरून हसणारं अख्खं सभागृह! समोरच्या बाजूला हारुका एगेन नावाचा एक इरसाल म्हातारा. त्याला दोरांशी धरून छातीवर चापट मारली की तो थेट पुढच्या रांगेवर थुंकायचा. पुढच्या रांगेतल्या लोकांना हे पाठ. ते घरूनच वर्तमानपत्रं घेऊन यायचे आणि चापट बसायच्या आत तोंडासमोर धरायचे. खर्रा खाणाऱ्यांच्या जिल्ह्यात आयुष्य काढलेल्या माणसाला या वर्तमानपत्राचं मोल मी काय सांगावं?

आम्ही बापलेक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होतो, एवढ्यात शेजारचे निवृत्त हेडमास्तर आले. ते रविवारी आमचं वर्तमानपत्र न्यायला येतात (थुंकी अडवायला नव्हे, वाचायला). त्यांनी चष्म्यावरून मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे सगळं लुटुपुटूचं असतं, बरं का. निकाल आधीच ठरलेला असतो."

झालं! माझं जेवण जिरलं.

वाचकहो, हे वाक्य मी शाळेत दप्तरात कुस्तीगिरांचे पत्ते लपवून नेत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहे. ते उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दरवेळी अमेरिका शोधून काढल्याचा आनंद असतो. अहो, ठाऊक आहे आम्हाला! जपानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गणपतीतल्या नाटकात शिवाजी महाराज प्रवेश करतात तेव्हा पहिल्या रांगेतून उठून "हे महाराज नव्हेत, हे पोस्टातले सॉर्टर आहेत" असं कोणी ओरडतं का? आणि ओरडलाच, तर त्याला शहाणा म्हणून शाल-श्रीफळ देतात की दंडाला धरून बाहेर काढतात?

बरं, ठरलेल्या निकालाचा एवढा तिटकारा ज्यांना आहे, त्यांनी स्वतः आयुष्यात कोणत्या खऱ्या कुस्त्या मारल्या? मास्तरांच्या मुलीला पाहायला मंडळी आली तेव्हा हुंडा, मानपान, तारीख सगळं आदल्या आठवड्यात ठरलेलं होतं. तरी मुलीने पोहे आणले, नवऱ्यामुलाने "स्वयंपाक येतो का" विचारलं, आणि मास्तरांनी "विचार करून कळवा" असं सांगितलं. आमच्या बँकवाल्यांचा पगारवाढीचा करार घ्या. एक बाजू टेबलावर मूठ आपटते, दुसरी बाजू बैठक सोडून जाते, मग दोघं हात मिळवतात आणि फोटो निघतो. बढतीच्या मुलाखतीबद्दल मी लिहीत नाही. मला अजून चौदा वर्षं नोकरी करायची आहे.

मास्तर म्हणाले, "तुम्ही विषय हसण्यावारी नेता. खरी कुस्ती म्हणजे खाशाबा जाधव."

आता हे नाव घेतल्यावर मी चप्पल काढून उभा राहतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीला ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. त्या गटात सुवर्णपदक नेलं ते इशी नावाच्या जपान्याने. आपल्या खाशाबांना त्यानेच हरवलं होतं. त्यात लुटुपुटूचं काही नव्हतं. पण मास्तर, त्यानंतरचं सांगा ना! प्रवासखर्चाला पैसे नव्हते म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. कर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या पोराच्या कुस्तीसाठी घर तारण ठेवणारा ऋणको माझ्या उभ्या नोकरीत एकही आला नाही. आणि खऱ्या कुस्तीवर जीव टाकणाऱ्या आपल्या देशाने काय केलं? खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला २००० साली. म्हणजे कुस्ती खरी, पदक खरं, फक्त कौतुक तेवढं लुटुपुटूचं! सोळा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला पुरस्कार देणाऱ्यांनी जपान्यांच्या प्रामाणिकपणाची उठाठेव करू नये.

आमचे वडील दारव्ह्याकडचे. नागपंचमीच्या कुस्त्यांत पाच रुपयांच्या इनामावर लढलेले. त्यांना खरी कुस्ती आणि फ्रीस्टाईल यांतला फरक कोणी शिकवायला नको होता. पण १९६८ साली मुंबईत दारासिंगने ल्यू थेझला हरवलं त्याची बातमी ते मरेपर्यंत सांगत. टायगर जोगिंदरसिंग हा आपला पंजाबी गडी आणि किंगकाँग हा हंगेरियन, या जोडीने १९५५ साली आशियाच्या जोडीच्या कुस्तीचं पहिलंवहिलं अजिंक्यपद जपानात जाऊन घेतलं, हे त्यांच्या कानावर आलं असतं तर त्यांनी गल्लीत पेढे वाटले असते. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "पण आबा, ते खोटं असते म्हणतात." त्यावर ते म्हणाले, "तू पड बरं एकदा तसा खाली, मंग सांग."

या एका वाक्यात आबांनी जे सांगितलं ते मास्तरांना अजून कळलेलं नाही. निकाल ठरलेला असतो. आदळणं ठरवून कमी लागत नाही.

याच जायंट बाबाचा एक शिष्य होता, मित्सुहारू मिसावा. पुढे त्याने २००० साली स्वतःची कुस्ती कंपनी काढली. म्हणजे मालक तोच आणि पहिलवानही तोच. २००९ च्या मार्चमध्ये टेलिव्हिजनवरचं त्यांचं प्रक्षेपण बंद झालं. मानेचं दुखणं जुनं होतं. पण लोक तिकीट काढून येत ते त्याच्यासाठी, आणि कंपनीतल्या पोरांच्या चुली त्या तिकिटांवर पेटत. १३ जून २००९ रोजी हिरोशिमाला जोडीच्या अजिंक्यपदाची कुस्ती होती. मिसावा आणि त्याचा तरुण जोडीदार शिओझाकी एका बाजूला. समोरच्या साइतोने त्याला कमरेला धरून मागच्या मागे टाकलं. असं तो यापूर्वी कितीतरी वेळा पडला असेल. यावेळी उठला नाही. त्या रात्रीच रुग्णालयात गेला. पाच दिवसांनी त्याला सत्तेचाळिसावं संपून... नाही, शेहेचाळीस संपून सत्तेचाळीस लागणार होतं. वयाचा हिशेब मी दोनदा करून पाहिला. बॅलन्स जुळला नाही की करतो तसा.

मास्तरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण मग फसवणूक ती फसवणूकच ना?"

फसवणूक कशाला म्हणायचं, याचीही एक गोष्ट जपान्यांकडेच आहे. १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा (हा किमुरा वेगळा, हा ज्युदोतला दादा) अशी जोडी अमेरिकेहून आलेल्या बेन आणि माइक शार्प या दोन धिप्पाड भावांशी लढली. जपानात टेलिव्हिजन नुकताच आला होता. घरोघरी संच कुठले? रस्त्यांवर, चौकांत मांडलेल्या संचांसमोर माणसांची ही गर्दी! युद्ध हरून नऊ वर्षं झालेली. रिकिदोझान हाताच्या कडेने गोऱ्याला हाणायचा आणि चौकातला जपानी ताठ व्हायचा. निकाल ठरलेला होता आणि जपान्यांचा हा कैवारी रिकिदोझान मुळात कोरियात जन्मलेला होता. ताठ झालेले कणे मात्र खरे होते.

त्याच वर्षी डिसेंबरात हे दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं, असं किमुरा पुढे सांगत राहिला. रिकिदोझानचं म्हणणं, खाली लाथ आधी त्यानेच मारली. कसंही असो, कुस्ती अर्ध्यात आली आणि रिकिदोझान खरं खरं मारू लागला. किमुरा बेसावध होता. बेशुद्ध पडला. तेवढी एक कुस्ती 'खरी' झाली, आणि माझ्या मते फसवणूक झाली ती तेवढ्याच कुस्तीत.

हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आमच्या शाखेत दर मार्चला 'नवं-जुनं' होतं. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजात सवलत मिळते आणि नवं कर्ज निघतं. पण मार्चमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसा कुठला? कापूस विकून झालेला, त्याचे पैसे संपलेले. मग तो खासगी सावकाराकडून दोन दिवसांसाठी रक्कम उचलतो, सकाळी बँकेत भरतो, दोन दिवसांत तेच कर्ज नव्याने उचलतो आणि सावकाराला नेऊन देतो. कागदावर वसुली झाली, कागदावर वाटप झालं. मला ठाऊक असतं, साहेबांना ठाऊक असतं, वरच्यांनाही ठाऊक असतं. निकाल ठरलेला. फक्त सगळ्यांनी आपापली पाळी सांभाळायची.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटंजीकडचे एक म्हातारबुवा. धोतर, टोपी, उपरण्यात बांधलेली रक्कम. ती मी मोजून घेतली आणि पावती दिली. त्याच दुपारी आमच्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले ते खरी कुस्ती खेळायच्या तयारीने. म्हणाले, सगळी प्रकरणं नव्याने तपासणार. ताजा सातबारा, फेरफार, सर्च रिपोर्ट, बाकीच्या बँकांचे दाखले. नियमाने त्यांचं काही चुकलं नव्हतं. म्हातारबुवा रोज येऊन माझ्या काउंटरसमोरच्या बाकावर बसायचे.

"म्या पैसे भरले ना साहेब. तुम्हीच तं घेतले मोजून. मंग आता काहून नाही देत जी?"

सावकाराचं व्याज शेकडा पाच, महिन्याचं. आणि दोन दिवसांच्या वर गेलं की पूर्ण महिन्याचं. अकराव्या दिवशी कर्ज निघालं. तोवर बैलजोडीतला एक बैल विकून झाला होता. मी त्या अकरा दिवसांत काय केलं? दोरांच्या बाहेर उभा होतो. हात पुढे केला असता तर पोचला असता की नाही ते सांगता येत नाही. केला नव्हता एवढं खरं.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वर्तमानपत्राची घडी काखेत मारून चिरंजीवांना म्हणाले, "तो थुंकणारा म्हातारा दाखव रे पुन्हा." दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी चापट बसायच्या आधी त्यांनी नकळत वर्तमानपत्र वर उचललं. गच्चीवर कावळ्यांनी कुरड्यांचा निकाल लावला होता. त्याबद्दल सौभाग्यवतींनी संध्याकाळी जे केलं त्यात लुटुपुटूचं काही नव्हतं.

म्हातारबुवा गेल्या मार्चमध्येही आले. उपरण्याची गाठ सोडून नोटा काउंटरवर ठेवल्या आणि विचारलं, "यंदा दोन दिवसांत होईन ना जी?"

मी केबिनकडे पाहिलं. आत बसलेले साहेब जानेवारीतच बदलून आले होते. मी खुर्चीवरून उठलो, म्हातारबुवांना म्हटलं, "नोटा ठेवा तशाच, मोजायच्या आधी विचारून येतो," आणि केबिनचं दार ढकललं.