एक डुक्कर, एक जर्मन सम्राट आणि अमेरिका-कॅनडाची समुद्रातली वाकडी सीमा

अमेरिका आणि कॅनडामधली सीमा म्हणजे कुणीतरी कधीकाळी पट्टी ठेवून ओढलेली कृत्रिम रेषा आहे, असं डोनाल्ड ट्रम्प २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा म्हणाले. कॅनडा ५१ वं राज्य होणार का, यावर मीम्सही भरपूर फिरले. नकाशा उघडला तर बराच भाग खरंच पट्टीने मारल्यासारखा दिसतो. ४९ व्या अक्षांशावरून सीमा सरळ पश्चिमेकडे येते. पण पॅसिफिकचा किनारा आला की ती दक्षिणेला वळते, बेटांमधून वाट काढते आणि हुआन डे फुका सामुद्रधुनीतून महासागरात जाते.

असं का, तर मध्ये व्हँकुव्हर बेट आहे. त्याचं दक्षिण टोक ४९ अक्षांशाच्या बरंच खाली येतं आणि त्याच टोकावर ब्रिटिश कोलंबियाची राजधानी व्हिक्टोरिया आहे. पट्टी पुढे सरकली असती तर व्हिक्टोरिया आज अमेरिकेत असतं.

या बेटाच्या दक्षिणेला सुमारे १५० किलोमीटर लांबीची हुआन डे फुका सामुद्रधुनी आहे. उत्तरेला कॅनडा, दक्षिणेला अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य. तिच्या पूर्व टोकाकडून उत्तरेला जायला दोन मुख्य वाटा आहेत : पश्चिमेची हारो आणि पूर्वेची रोझारियो. या दोन वाटांच्या मध्ये सान हुआन बेटं आहेत. सगळं भांडण झालं ते या बेटांवरून.

कुकने जी सामुद्रधुनी नाकारली

सामुद्रधुनीचं नावच एका संशयास्पद गोष्टीतून आलंय. हुआन डे फुका हा स्पेनसाठी काम करणारा ग्रीक खलाशी. १५९२ मध्ये आपण इथे एका मोठ्या जलमार्गात शिरलो होतो, असं त्याने व्हेनिसमध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याला सांगितलं. खरं-खोटं आजही ठरलेलं नाही. जेम्स कुक १७७८ मध्ये अगदी तोंडाशी आला, तिथल्या भूशिराला केप फ्लॅटरी नाव दिलं, आणि अशी सामुद्रधुनी इथे असणं शक्य नाही असं नोंदवून पुढे निघून गेला.

मग १७८५ च्या डिसेंबरमध्ये चक्क मुंबईहून दोन जहाजं या किनाऱ्याकडे निघाली, समुद्री ऊदमांजराच्या कातड्यांच्या व्यापारासाठी. या मोहिमेने जॉन मॅके नावाच्या वैद्याला नूटका इथे मागे ठेवलं. १७८७ मध्ये चार्ल्स बार्कले तिथे पोचला तेव्हा मॅके त्याला भेटला. बार्कले पुढे दक्षिणेला गेला, त्याला सामुद्रधुनीचं तोंड दिसलं आणि जुन्या खलाशाचं नाव त्याने तिला देऊन टाकलं. १७९० मध्ये स्पेनचा मॅन्युएल किंपर आत शिरला. हारो हे त्याच्या मोहिमेतल्या नौकानयन अधिकाऱ्याचं आडनाव. १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरने सगळ्या बेटाला फेरी मारली.

अर्थात 'शोध' हा युरोपच्या बाजूने वापरायचा शब्द. मकाह, तसंच क्लॅलम आणि इतर सॅलिश लोक हजारो वर्षं याच पाण्यावर मासेमारी करत होते.

'मधोमध' म्हणजे नक्की कुठे?

१५ जून १८४६ च्या ओरेगॉन करारात ब्रिटन आणि अमेरिकेने लिहिलं की, बेट आणि मुख्य भूमी यांना वेगळं करणाऱ्या खाडीच्या मधोमध सीमा असेल. पण वाटा होत्या एकाहून जास्त. ब्रिटन म्हणालं रोझारियो, अमेरिका म्हणाली हारो. परिणामी सान हुआन बेटं दोघांचीही.

बरोबर १३ वर्षांनी, १५ जून १८५९ ला, तिथल्या एका अमेरिकन शेतकऱ्याने आपले बटाटे खाणाऱ्या डुकराला गोळी घातली. डुक्कर ब्रिटिश हडसन्स बे कंपनीचं होतं. भरपाईवरून वाद, मग अमेरिकन सैनिक उतरले, मग ब्रिटिश युद्धनौका आल्या. ऑगस्टपर्यंत एका बाजूला साडेचारशेच्या वर सैनिक आणि दुसऱ्या बाजूला पाच युद्धनौका. ब्रिटिश ॲडमिरल बेन्सने हल्ला करायला नकार दिला म्हणून निभावलं. नंतर बारा वर्षं दोन्ही सैन्यं एकाच बेटावर वेगवेगळ्या टोकांना राहिली. शेवटी लवाद म्हणून जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म याला निवडलं आणि २१ ऑक्टोबर १८७२ ला त्याने अमेरिकेच्या बाजूने, म्हणजे हारोच्या बाजूने, निकाल दिला. ब्रिटनने तो मान्य केला. रेषा कृत्रिम आहेच, पण ती पाण्यात टिकली ती हरलेल्या बाजूने निकाल पाळला म्हणून. ट्रम्प यांच्या विधानातून नेमका हाच भाग गळतो.

आज हा विषय का?

कारण १ मे २०२४ पासून ट्रान्स माउंटन पाइपलाइनची क्षमता दिवसाला ३ लाख बॅरलवरून ८ लाख ९० हजारांवर गेली. व्हँकुव्हर शहराजवळ तेल भरलेले टँकर याच हारो आणि हुआन डे फुकामधून बाहेर पडतात. याच पाण्यात दक्षिणेकडचे स्थानिक ओर्का राहतात, जेमतेम ७५ च्या आसपास उरलेले. हे देवमासे आवाजावर शिकार शोधतात आणि जहाजांचा आवाज त्यांना नडतो. वॉशिंग्टन राज्यात २०२५ पासून बोटींना त्यांच्यापासून १००० यार्ड दूर राहावं लागतं.

अपघातही सीमा बघून होत नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'झिम किंग्स्टन' जहाजावरून शंभरहून जास्त कंटेनर सामुद्रधुनीच्या तोंडाबाहेर समुद्रात पडले, नंतर व्हिक्टोरियाजवळ जहाजावर आग लागली आणि काही कंटेनर वाहत जाऊन व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाकडच्या किनाऱ्यांना लागले.

म्हणून दोन्ही देशांनी १९७९ मध्येच एक व्यवस्था केली. हुआन डे फुकामधल्या जहाजांना, ती कॅनडाच्या पाण्यात असली तरी, अमेरिकेच्या सिॲटलमधून सूचना मिळतात. हारोमधल्या जहाजांना, ती अमेरिकेच्या पाण्यात असली तरी, कॅनडाच्या व्हिक्टोरियामधून. सीमेवरून वक्तव्यं सुरू असताना रेडिओवरचं हे काम चोवीस तास चालू आहे, आणि टँकर वाढलेत तसं ते आणखी नाजूक झालंय.