चिठ्ठीवरचा न लिहिलेला आकडा

धानाचा हमीभाव विचारा, भंडाऱ्यातला डॉक्टर पटकन सांगेल. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये. घरी धानाची बांधी असेल तर मजुरी आणि खताचा हिशेबही देईल. मग आत्ताच लिहिलेल्या गोळीची स्ट्रिप कितीला मिळते, ते विचारा. "मेडिकलवाला सांगेल ना!"

हे दुखणं एकट्या भंडाऱ्याचं नाही. कॅनडातल्या अॅलन, लेक्सचिन आणि वीब यांनी २००७ साली डॉक्टरांना औषधांच्या किमती कितपत ठाऊक असतात, हे तपासणाऱ्या अभ्यासांचा आढावा घेतला. स्वस्त औषधांची किंमत डॉक्टर वाढवून सांगत होते, महागड्यांची कमी करून. म्हणजे जिथे रुग्णाचं कंबरडं मोडतं, तिथेच अंदाज कमी पडतो.

आपल्याकडे तर एकाच औषधाची डझनावारी नावं आणि प्रत्येकाचा दर वेगळा. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाची कमाल किंमतही बाजारभावाच्या सरासरीवर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के चढवून ठरते. बनवायला किती लागले, हे कोणी विचारत नाही. यादीबाहेरच्या औषधांचे दर कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. या गोंधळाचं खापर एकट्या डॉक्टरवर फोडणं मला पटत नाही. पण लेखणी त्याच्याच हातात असते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. औषध साठ्यात नसलं की मात्र "बाहेरून आणा". लाखांदूरहून एसटीने आलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी आधीच बुडालेली असते. तो मेडिकलवर हळूच म्हणतो, "पाच दिवसांच्या नको, दोन दिवसांच्याच द्या." आठवड्याने तो तसाच खोकत परततो. डॉक्टरला वाटतं औषध लागू पडलं नाही, म्हणून तो आणखी भारी लिहितो. अर्धाच कोर्स झालाय, हे सांगायला रुग्णाला लाज वाटते आणि विचारायला डॉक्टरला वेळ नसतो. सिकलसेलसारख्या आजारात तर गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. तिथे स्ट्रिपमागचे वीस रुपयेही लहान नाहीत.

औषधं जेनेरिक नावानेच लिहा, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. तो वाद दिल्लीत चालू द्या. भंडाऱ्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने चिठ्ठी लिहिली की प्रत्येक औषधापुढे किंमत आणि खाली बेरीज मागा. 'फार्मा सही दाम' हे सरकारी अॅप उघडायला हरकत नसावी. बेरीज चुकली तर गुण कापा.