घोड्याचा शृंगार कोणासाठी?

2023 सालच्या 26 सप्टेंबरचा दिवस आम्हां इंदूरकरांना विसरता येण्याजोगा नाही. त्या दिवशी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धांत ‘ड्रेसाज’ या अश्वारोहणाच्या प्रकारात भारतीय संघाने सुवर्णपदक मिळविले. अश्वारोहणातील सुवर्ण देशाला तब्बल 41 वर्षांनी लाभले, आणि त्या चौघांच्या संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. अशा स्पर्धांची छायाचित्रे पाहिली, की घोड्यांची तकतकीत अंगे आणि आयाळीच्या गुंफलेल्या वेण्या पाहून पुष्कळजण ‘काय नटविले आहे!’ असे उद्गार काढतात. आम्हांस हा ‘नटविणे’ शब्द खटकतो.

ड्रेसाजमध्ये 60 मीटर लांब व 20 मीटर रुंद रिंगणात घोड्याने ठराविक चाली संथपणे करून दाखवावयाच्या असतात. प्रत्येक चालीस शून्य ते दहा गुण. वेणी घालावयाची ती मानेची कमान परीक्षकांना स्वच्छ दिसावी म्हणून. शेपटीत फुले वा फिती माळण्यास तर तेथे सक्त मनाईच आहे. एकच फीत सर्व मैदानांवर ओळखीची : शेपटीला तांबडी फीत दिसली, की हा घोडा लाथ मारतो, दूर राहा, असे समजावे!

तीन दिवसांच्या ‘इव्हेंटिंग’ स्पर्धेत दुसऱ्या दिवशी ओंडके, चर, पाणवठे ओलांडीत दौड करावयाची असते. तेव्हा पहिल्या दिवसाच्या वेण्या बहुधा सोडून टाकतात, कारण तोल गेलाच तर स्वाराच्या मुठीत आयाळ यावी लागते. घट्ट ओंडक्याला पाय लागला तरी तो घसरून सुटावा, म्हणून घोड्याच्या पायांना चरबीसारखे वंगण चोपडण्याची चाल आहे. पोलोत याच्या उलट. तेथे आयाळ मुळापासून उतरवितात व शेपटी गुंडाळून बांधतात. नाहीतर काठी आणि लगाम केसांत गुरफटावयाचे. लांब पल्ल्याच्या दौडीत तर वेणीकडे कोणी पाहतही नाही. टप्प्यावर पोचताच पाणी ओतून घोड्याचे अंग थंड करावयाचे, कारण नाडी ठरलेल्या आकड्याखाली आल्याशिवाय पशुवैद्य पुढे जाऊ देत नाही.

या सर्वांच्या मुळाशी आहे तो रोजचा खरारा. मोतद्दार मांसल भागावर गोल गोल हात फिरवून घाम व धूळ सुटी करतो. तोंड आणि पायांची हाडे मात्र मऊ ब्रशाने हलकेच पुसतो. मग केसांच्या ओढीने ब्रश. डोळ्यांसाठी एक स्पंज आणि शेपटीखालच्या भागासाठी दुसरा. त्यांची अदलाबदल कधीही होता कामा नये. खुरातला खडा टाचेकडून पुढच्या बाजूस उकरून काढावयाचा. हे करताना पायाला ऊब लागली, पाठीवर हात पडताच घोडा दचकला, तर दुखणे तेथेच कळते. अंगाची तकाकी या मेहनतीतून येते. बाटलीतून आणलेली तकाकी आम्ही तकाकी मानीत नाही. पदक गळ्यात पडते ते स्वाराच्या. मोतद्दाराचे नाव वर्तमानपत्रात आलेले आमच्या तरी पाहण्यात नाही.

शृंगाराची मर्यादा कोठे संपते, हेही आता नियमाने सांगितले आहे. घोड्याच्या ओठांभोवतीचे व डोळ्यांवरचे राठ केस कापून तोंड ‘रेखीव’ करण्याची रीत पुष्कळ वर्षे चालत आली होती. वस्तुतः घोड्याला स्वतःच्या नाकाखालचे दिसत नाही. चंदीत काय आहे, तोंडापुढे भिंत आहे की गवत, हे तो या केसांनी चाचपतो. 1 जुलै 2021 पासून आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने असे केस कापलेल्या घोड्यास स्पर्धेतून बाद ठरविले. वैद्यकीय कारण असेल तेवढाच अपवाद. काही जुन्या मंडळींना हा अतिरेक वाटला. आम्हांस वाटते, नियमास उशीरच झाला.

पण दूरच्या मैदानांवर टीका करणे सोपे असते. आपल्या गल्लीत वरातीचा घोडा येतो, तेव्हा आपण काय पाहतो? जरीची झूल, आरशांचा साज, डोक्यावर तुरा. झुलीखाली काय आहे, हे कोणी पाहत नाही. वाजंत्री आणि फटाके यांच्या गदारोळात तो बिचारा डांबरी रस्त्यावर तासन्‌तास उभा असतो. दसऱ्याला घोड्यास झेंडूची माळ घालून त्याची पूजा करणारी माणसे आपण. मग त्या रात्री आपले डोळे कोठे जातात?

आमच्या वाचकांच्या घरी येत्या मोसमात लग्ने निघतीलच. घोडा दारी आला, की वर चढण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्याने मालकास म्हणावे, ‘झूल आणि खोगीर एकदा उतरवून दाखवा.’ मालक कुरकुर करील, मुहूर्त टळतो म्हणेल. पाठीवर जखम दिसली, तर मालकाचे ठरलेले पैसे चुकते करून घोडा परत पाठवावा आणि नवरदेवाने पायी चालावे. कार्यालय काही फार दूर नसते.